साडूचं मशीन थंड चालतं

३ एप्रिल, शनिवार

साडूने नवा कॉम्प्युटर घेतला म्हणून सहकुटुंब चहाला बोलावणं. कॉम्प्युटर बघायला कोणी बोलावतं का? बाळ आहे का ते? तरी गेलो. नसतो गेलो तर जळतो म्हणाले असते.

काचेची पेटी. आत निळा उजेड. दोन जाड नळ्या. त्यांतून पाणी फिरतं आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेतं. पुढच्या बाजूला चिमुकल्या पडद्यावर तापमान दिसतं: एकेचाळीस. आवाज शून्य. सासूबाईंनी काचेला नाक लावून विचारलं, "मासे कुठायत?" सगळे हसले. मी नाही हसलो. राग वगैरे आला नव्हता, फक्त हसू आलं नाही.

साडूचं चष्म्यांचं दुकान आहे. या मशीनवर तो बिलं करणार आणि पत्ते खेळणार. मी धंद्याने थ्रीडी चित्रं काढतो. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवतो. पाण्याच्या कूलिंगची गरज कोणाला आहे, सांगा. शिवाय हेच मॉडेल मागे मेहुणीच्या वाढदिवसाला मीच त्याला तोंडपाठ वर्णन करून सांगितलं होतं. तेव्हा नुसती मान डोलवत होता. आता कळलं का डोलवत होता.

येताना ही गाडीत म्हणाली, "त्यांचं मशीन चालू आहे हे कळतसुद्धा नाही, नाही का हो?"

कळत नाही हा दोष आहे, असं मी सांगितलं. तिने खिडकीची काच खाली केली.

४ एप्रिल, रविवार

सकाळी स्वतःला स्पष्ट विचारलं: मी जळतो का? उत्तर: नाही. माझा प्रोसेसर जळतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

काम लावलं की तो नव्वदच्या पुढे जातो. शंभरला टेकला की मशीन जीव वाचवायला स्वतःहून बंद पडतं. त्यात आर्किटेक्ट बाईंचं काम घेतलंय, बंदिस्त पोहण्याच्या तलावाची चित्रं. तेवीस तारखेला त्या ती समितीपुढे मांडणार. समितीला आवडली तर पुढची सगळी इमारत माझ्याकडे. नाही आवडली तर बाई दुसरा माणूस बघणार. असं त्या गोड आवाजात म्हणाल्या.

पाण्याच्या चित्राला सगळ्यात जास्त गणित लागतं. प्रत्येक लाटेत उजेड मोडतो, छत उलटं दिसतं, फरशी हलते. चित्रात जितकं गार पाणी, तितकी मशीनमध्ये आग. आज चाळीस टक्क्यांवर बंद पडलं.

संकल्प: आठवड्याच्या आत साडूच्या खाली जायचं. तापमानाबद्दल बोलतोय.

६ एप्रिल, मंगळवार

शास्त्र सोपं आहे. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्यावर पंखा. उष्णता पात्यांत चढते, पंखा ती उडवून लावतो. पात्यांत धूळ बसली की वाट बंद. मशीन उघडलं. आत गालिचा होता.

हिच्या हेअर ड्रायरने फुंकलं. थंड हवेचं बटण दाबलंय अशी माझी समजूत होती. धूळ निघाली. ती गेली कुठे, हा प्रश्न मला सुचला नाही, हिला सुचला. पलीकडे तिचे इस्त्रीचे कपडे टांगलेले होते. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, तिथे पांढराच कोट लागतो.

प्रोसेसर दोन अंशांनी उतरला. घरातलं तापमान बरंच चढलं.

९ एप्रिल, शुक्रवार

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक करडी पेस्ट लावतात. दोन धातू कितीही घासून बसवले तरी मध्ये हवा राहते, ती पेस्टने भरून निघते. जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती. नवी आणली.

सूचनापत्रिकेत म्हटलंय, वाटाण्याएवढी लावा. असल्या सूचना भित्र्या माणसांसाठी असतात. चांगली गोष्ट थोडीच का लावायची? टोस्टला लोणी लावतात तशी लावली. ठोकळा दाबला तशी चारी बाजूंनी बाहेर आली. पुसायला हाताशी जे फडकं लागलं तो लेकीचा परीक्षेला घालायचा ठेवणीतला शर्ट निघाला. कॉलेजच्या मुलांनी कपडे खुर्चीवर टाकू नयेत, हे मी तिला कितीदा सांगितलंय.

तापमान: पूर्वीपेक्षा तीन अंश जास्त. पेस्ट नकली असणार.

११ एप्रिल, रविवार

मोठा कूलर आणला. तांब्याच्या सहा नळ्या, दोन पंखे, उंची एवढी की पेटीचं झाकण बसत नाही. झाकण हवंय कोणाला? साडूला काच लागते, कारण त्याला दाखवायचंय. मला काम करायचंय.

अभिमानाने चालू केलं. पाच मिनिटांत शंभर. बंद.

पुन्हा. बंद.

कंपनीला कडक शब्दांत ईमेल लिहिलं. "ग्राहकाला मूर्ख समजू नये" हे वाक्य छान जमलंय.

१३ एप्रिल, मंगळवार

कूलर परत करायला म्हणून काढला. त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटलेला होता. त्यावर लाल अक्षरांत, चार भाषांत लिहिलेलं: बसवण्याआधी हा कागद काढा.

पारदर्शक कागदावर लिहायचं म्हणजे काय! माणूस आरपार बघणार की वाचणार?

कागद काढून बसवल्यावर ऐंशी. बरं वाटलं. जरा वेळाने शहाऐंशी. मग नव्वद. कंपनीचं उत्तर आलंय. त्यांनी मला त्या लाल अक्षरांचा फोटो पाठवलाय. उत्तर देणार नाही.

चित्र एकोणसाठ टक्क्यांपर्यंत गेलं. तलावात अर्धं पाणी, अर्धं काळं.

१६ एप्रिल, शुक्रवार

मुद्दा खोलीतल्या हवेचा आहे, हे आज लक्षात आलं. कूलर कितीही मोठा असो, उकडत्या खोलीत तो उकडती हवाच फिरवणार. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्यांच्या खोलीतला टेबल फॅन आणून उघड्या मशीनसमोर लावला. त्या जेवायला बाहेर बसल्या होत्या, म्हणून विचारता आलं नाही.

तीन अंश कमी! पंख्याच्या जाळीत एक वायर अडकून तुटली तेवढंच. ती निळ्या दिव्याची होती. हो, मी एक निळा दिवा आणला होता. त्याचा साडूशी काही संबंध नाही. निळा रंग सगळ्यांचा आहे.

सायंकाळी ६. सासूबाई धाकट्या मुलीकडे गेल्या. साडू गाडी घेऊन न्यायला आला. "जावईबापू, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" असं त्या त्याला म्हणाल्या. तो जावईबापू. मला मात्र इतकी वर्षं "अहो, ऐकलंत का." जाताना हिला म्हणाल्या, "यांचं मशीन बरं झालं की येईन हो." जसं काही घरात आजारी माणूस आहे.

१७ एप्रिल, शनिवार

साडूचा फोन. आधी सासूबाईंची खुशाली. मग हळूच म्हणतो, "साडूभाऊ, प्रोसेसरचं व्होल्टेज सेटिंगमध्ये जाऊन थोडं उतरवून बघा. वेग किंचित कमी होतो, पण दहा-बारा अंशांचा फरक पडतो. फुकटात. मी वाचलं परवा."

म्हणजे साडूचं मशीन धावणार आणि माझ्याला सांगतो हळू चाल. डोक्याचा पारा एकदम चढला, पण आवाज शांत ठेवला. म्हणालो, बघतो.

बघणार नाही.

फोन ठेवताना पुढे: "आणि एकदा येऊन जा ना. तुमचं ते चित्रांचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलंय मी. पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

आता उलगडा झाला. आधी सासू नेली. आता धंदा न्यायचा बेत आहे.

१९ एप्रिल, सोमवार

आमच्या घरात एसी एकच, तो झोपायच्या खोलीत. काल रात्री मशीन तिथे हलवलं, थेट एसीच्या तोंडाखाली, स्टुलावर. एसी सोळावर. प्रोसेसर खुशीत, चौऱ्याहत्तर. पाणी सत्तर टक्क्यांपर्यंत आलं.

ही मोजे आणि कानटोपी घालून, दोन पांघरुणं घेऊन झोपली. पंखे विमानासारखे घोंघावत होते. आज सकाळी तिचा घसा बसला होता, त्यामुळे भांडण लवकर आटोपलं. जेवढं ऐकू आलं ते असं: "मी माणसाशी लग्न केलंय. बर्फाच्या कारखान्याशी नाही."

दुपारी ती आणि लेक बॅगा भरून बहिणीकडे. लेकीची परीक्षा आहे, शांतता हवी, असं कारण. लेक दारात म्हणाली, "बाबा, या घरात डोकं थंड असलेला तो एकटाच आहे." बोट मशीनकडे. मला ते कौतुक वाटलं होतं. आता लिहिताना तसं वाटत नाही.

सगळे साडूकडे. तिथे म्हणे आवाज नाही, घाम नाही, आणि तो रोज सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणतो. लाच दुसरं काय असतं?

त्या गेल्यावर एसीने मान टाकली. इतके दिवस काही नाही, नेमकं आजच.

२० एप्रिल, मंगळवार

एकटा माणूस मोठा विचार करू शकतो. घरात शांतता आहे. अंडी उकडून खाल्ली. दोनदा.

हवेचा नाद सोडला. हवा ही गरिबाची पद्धत. पाणी हवेपेक्षा कैक पटींनी उष्णता ओढून घेतं, हे साडूला माहीत असायचं कारण नाही. त्याने फक्त तयार पेटी आणली. मी स्वतः बांधणार.

प्रोसेसरवर बसवायची तांब्याची पोकळ डबी मिळाली. माशांच्या टाकीचा पंप मिळाला. नळी मिळाली. तापलेलं पाणी परत गार करायला साडूच्या पेटीत जाळीदार रेडिएटर आहे. मी त्यावर उपाय काढलाय: बादली. त्याच्या मशीनमध्ये असेल ग्लासभर पाणी. माझ्याकडे काठोकाठ बादली. एवढं पाणी तापणार कधी?

गणित इतकं सरळ असताना लोक रेडिएटर का घेतात, देव जाणे.

२१ एप्रिल, बुधवार, सकाळी ११

जमलं!!

सत्तेचाळीस. पूर्ण कामाला लावलेला असताना सत्तेचाळीस! तलाव एका कडेने भरत चाललाय, हिरवा-निळा, तळाच्या फरशीवर उजेडाची जाळी. असं पाणी मी जन्मात काढलेलं नाही.

बादलीसकट फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "खरं लिक्विड कूलिंग." सगळ्यात आधी अंगठा साडूचा. दाबताना बोट थरथरलं असणार. लेक: "ती माझी बादली आहे." सासूबाई: "मासे कुठायत?" हिने काहीच लिहिलं नाही. पण बघितलंय, टिक निळी झाली.

आता चहा टाकतो. आज दोन चमचे साखर.

२१ एप्रिल, दुपारी १

चहा होईपर्यंत नळी निसटली. बादलीकडची नाही, डबीकडची.

पंप इमानदार निघाला. बादली रिकामी होईपर्यंत त्याने एक थेंब मागे ठेवला नाही. सगळं पाणी मशीनमध्ये. एकदा टपकन आवाज, थोडा धूर, मग पडदा काळा.

खालचे काका वर आले. म्हणाले, "तुमचं बाथरूम गळतंय."

म्हटलं, बाथरूम नाही, ऑफिस.

त्यांनी आत डोकावून बघितलं आणि मला पोछा आणून दिला. स्वतःच्या घरून.

तांत्रिक बाजूने बघता प्रयोग फसला असं म्हणता येणार नाही. शेवटचं नोंदलेलं तापमान सत्तेचाळीस. सध्याचं तापमान खोलीइतकं. साडूचं मशीन इतक्या खाली कधी गेलेलं नाही.

दुपारी ३

हिला फोन केला. मशीन गेलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला शॉक तर नाही ना बसला?" मी सांगत होतो की सत्तेचाळीसपर्यंत आलं होतं. ती म्हणाली, "ते राहू द्या. हात दाखवा. व्हिडिओ लावा." लावला. दोन्ही हात दाखवले. पालथे, मग उताणे.

नंतर बराच वेळ ओल्या फरशीवर बसून होतो. परवा बाईंची समिती. आता बाईंना फोन करून नाही म्हणून सांगायचं. नंबर दोनदा काढला. लावला नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

सकाळी खाली हॉर्न. साडूची गाडी. पुढच्या सीटवर त्याचं काचेचं मशीन, पट्टा लावून. ही मागे, मांडीवर बॅगा घेऊन अंग चोरून बसलेली. लेक आणि सासूबाई तिच्या दोन्ही बाजूंना.

त्याने मशीन स्वतः वर आणलं. टेबल पुसलं. माझ्या मेलेल्या मशीनमधली, पाण्यातून वाचलेली डिस्क काढून त्याच्यात लावली. वर म्हणतो, "घ्या वापरायला, साडूभाऊ. कायमचं ठेवा. माझं काही अडत नाही. बिलं जुन्यावर होतात."

मी नको म्हणणार होतो. वाक्य तयारही होतं. पण हीच म्हणाली, "हो म्हणा," आणि मी हो म्हणालो.

चालू केलं. आवाज नाही. चौपन्न. तलाव भरायला लागला.

साडूने दुकान उघडलं नाही. स्टूल ओढून शेजारी बसून राहिला. पडद्यावर चौकोना-चौकोनाने पाणी उमटत होतं, तो बघत होता. मग म्हणाला, "हे मशीन मी तुमच्यामुळेच घेतलं. तुम्ही मागे इतकं रंगून सांगितलंत ना. वाटलं, आपणही काहीतरी काढावं. दिवसभर लोकांना बसवायचं, अक्षरं वाचून घ्यायची, काचा बदलायच्या. रात्री घरी जाताना माझं असं काही झालेलं नसतं. तुमचं रोज काहीतरी होतं. तुम्ही याल, दाखवाल, असं वाटत होतं. आला नाहीत."

मी 'हं' म्हणालो.

खोचक बोलण्याची ही नवी तऱ्हा दिसते. चेहरा इतका साधा ठेवून बोलतो की पटकन लक्षात येत नाही.

संध्याकाळी साडेसहाला सगळी चित्रं पुरी.

२३ एप्रिल, शुक्रवार

बाईंचा फोन. समितीला चित्रं फार आवडली. एक सदस्य म्हणे म्हणाले, बघूनच कपडे काढावेसे वाटले. पुढची इमारत माझ्याकडे. मी आनंदाने बसलो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पाणी अगदी जिवंत आलंय हो. मशीन बदललंत का?"

२५ एप्रिल, रविवार

घरात दिवसभर एकच विषय. सासूबाई: "हातातली वस्तू उचलून दिली. हल्ली कोण देतं?" मेहुणी फोनवर: "त्यांना तर झोप नव्हती, कधी नेऊन देतो असं झालं होतं." ही त्याच्यासाठी शर्टाचं कापड बघायला गेली.

मशीन माझ्याकडे आलं आणि मोठेपणा त्याच्याकडे राहिला. हे असं होणार हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे.

मीही मन मोठं करायचं ठरवलं. टेबल फॅन नीट पुसून सासूबाईंना दिला. म्हटलं, ठेवा, तुम्हालाच राहू दे. त्या म्हणाल्या, "अहो, हा माझाच आहे."

ही म्हणते, त्यांना चित्र काढायला शिकवा. तेवढं तरी करा. मी म्हटलं, वेळ नाही. तिने माझ्याकडे बघितलं. वेळ निघाला. पुढच्या रविवारी.

सगळं शिकवणार नाही. खिडक्यांपर्यंत.

२ मे, रविवार

साडू दहाला हजर. नवी वही, टोक केलेली पेन्सिल. पहिला धडा: एक खोली, एक खिडकी.

दुपारपर्यंत त्याने खिडकी काढली. अर्धी भिंतीत, अर्धी भिंतीबाहेर. पडदा वाऱ्याने उलटा, छताकडे उडालेला. उजेड जमिनीतून येतो. मी बारकाईने बघितली. कोणत्याही बाजूने बघितली तरी वाईट होती. मनाला इतकी शांतता कित्येक दिवसांत नव्हती. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "सुरुवातीला असंच होतं. धीर सोडू नका." अगदी मनापासून म्हणालो. जेवताना त्याला स्वतः वाढलं. हिने चमकून बघितलं.

संध्याकाळी ५:३०

सासूबाईंना ती खिडकी आवडली. इतकी की मोबाइलवर कायमची हवी, उघडला की समोर दिसेल अशी. माझा तलाव त्यांनी बघितलाय. "स्वच्छ आहे," म्हणाल्या होत्या.

मोबाइलवर चित्र कसं लावतात ते त्यांना येत नव्हतं. साडूला चष्मा सापडत नव्हता. मग मला हाक मारली, "अहो, ऐकलंत का."

लावून दिलं.